दरवाजाचा फोटो कुणाकडे आहे?

क्लिक! : फोटोकाकांचं सदर

दोस्तांनो,

मागच्या आठवड्यात आपण घरातल्या माणसांचे फोटो काढले. 'आजी, जरा हस ना' म्हटलं की आजी आणखीनच गंभीर होते, अशी तक्रार बऱ्याच जणांनी पत्रातून केली आहे. त्यावर उपाय एकच. तिला हसायला सांगू नका, तिच्या लहानपणची एखादी खोडी विचारा. मग बघा!

या आठवड्यात मात्र माणसांना जरा बाजूला सारायचं आहे. अगदी खरंखुरं बाजूला. "सरक जरा, मागचं दिसत नाही," असं म्हणायचं आहे. हे सांगायचा मला अधिकार काय? तर मी स्वतः इतकी वर्षं कॅमेरा गळ्यात घालून हिंडलो आणि नेमक्या वेळी हे वाक्य कधीच म्हणालो नाही, हाच! त्याची शिक्षा मला कशी मिळाली ते ऐका.

माझ्या आजोळी एक जुना वाडा होता. वाड्याला मोठा दिंडी दरवाजा. (दिंडी म्हणजे मोठ्या दाराच्या पोटातलं छोटं दार. रात्री मोठं दार बंद झालं की आम्ही पोरं वाकून त्यातून आत शिरायचो.) वर दगडी कमान, कमानीखाली लाकडी गणेशपट्टी, दोन्ही बाजूंना दिव्यासाठी कोनाडे, आणि डाव्या हाताला भिंतीत बसवलेला एक शिलालेख. चार ओळींचा. लहानपणी त्याच्यावर बोटं फिरवत आम्ही लपंडावाचे आकडे मोजायचो. तो वाचला मात्र कुणीच नाही.

तीन पावसाळ्यांपूर्वी एका रात्री ती भिंत बसली. सुदैवाने कुणाला लागलं नाही. पण वाट अडली म्हणून दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टर बोलावला आणि सगळा राडारोडा कुठल्याशा खड्ड्यात भराव म्हणून गेला. शिलालेखाचं कुणाला सुचलंच नाही. पुढे मामा मंडळींनी ठरवलं की दरवाजा होता तस्साच परत उभा करायचा. गवंडी आले, सुतार आले. म्हणाले, "करू की! कसा होता तेवढं दाखवा."

झालं! थोरले मामा म्हणाले, पायऱ्या पाच होत्या. धाकटे म्हणाले, चारच. एकाच्या मते कमान टोकदार, दुसऱ्याच्या मते गोल. मावशी म्हणाली, कोनाड्यांवर मोर कोरले होते. मामी म्हणाल्या, मोर नव्हेत, पोपट! ज्या दारातून हे सगळे रोज दहा वेळा ये-जा करत होते, ते दार प्रत्येकाच्या आठवणीत वेगळं होतं.

मी म्हटलं, "भांडता कशाला? फोटो बघू." आणि ट्रंकेतून अल्बम काढले. दोस्तांनो, दारासमोर काढलेले साठाच्या वर फोटो निघाले! लग्नाचे, मुंजीचे, नव्या स्कूटरच्या पूजेचे, बक्षिसाचा कप हातात धरलेल्या माझेसुद्धा. पण त्यात दरवाजा कुठे होता? एका फोटोत कमानीचा डावा कोपरा. दुसऱ्यात आत्याच्या खांद्यामागे अर्धा कोनाडा. (पक्षी दिसतोय, पण चोच आत्याच्या अंबाड्याआड. मोर की पोपट, वाद चालूच!) आणि शिलालेख? तो नेमका माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. पहिली ओळ दिसते, शेवटची दिसते, मधल्या दोन ओळींच्या पुढे दर वेळी कुणाचं तरी डोकं. एका फोटोत 'शके' ही अक्षरं अगदी स्वच्छ आहेत. पुढचा आकडा नवरदेवाच्या फेट्यामागे!

त्या साठांपैकी निदान पंचवीस फोटो मी स्वतः काढलेले होते. दारासमोरचे पंचवीस, दाराचा एकही नाही.

दगडसुद्धा जातात

आपल्याला वाटतं, माणसं म्हातारी होतात, दगडाला काय धाड भरली आहे? तो कुठे जातोय! पण तसं नसतं.

मुंबई-पुणे रस्त्यावर बोरघाटात अमृतांजन पूल होता. ब्रिटिश काळातला दगडी पूल. त्याच्यावर अमृतांजन बामची जाहिरात असायची म्हणून लोकांनी त्याचं नावच ते पाडलं. हजारो माणसं रोज त्याच्या खालून जात. द्रुतगती मार्गावरच्या वाहतुकीला त्याचे खांब अडचणीचे होत होते. शेवटी ५ एप्रिल २०२० रोजी, लॉकडाऊनमुळे रस्ता ओस पडलेला असताना, तो सुरुंग लावून पाडला. त्या वेळी रस्ता मोकळा करणं गरजेचं होतं असं मानलं, तरी एक गोष्ट उरतेच. आता तो बघायचा तर फोटोतच.

बरं, माणसाने बांधलेलंच पडतं असंही नाही. माल्टा नावाचा एक छोटा देश आहे, भूमध्य समुद्रात. त्याच्या गोझो बेटावर समुद्राने कोरलेली चुनखडीची एक प्रचंड कमान होती. तिला 'अझुर विंडो' म्हणजे निळी खिडकी म्हणत. ८ मार्च २०१७ रोजी वादळी लाटांत ती कोसळली. कमान पडली, आणि ज्या खांबावर तिचं एक टोक टेकलं होतं तोही गेला. ज्या समुद्राने ती घडवली, त्यानेच मोडली!

आणि कधी कधी माणूस मुद्दाम मोडतो. अफगाणिस्तानात बामियान इथे डोंगराच्या कड्यात कोरलेल्या दोन भव्य बुद्धमूर्ती होत्या. मोठी ५५ मीटर उंच, धाकटी ३८ मीटर. मार्च २००१ मध्ये तालिबानने स्फोटकं लावून त्या उडवल्या. दीड हजार वर्षं वारा-पाऊस सोसलेल्या मूर्ती काही दिवसांत नाहीशा झाल्या.

पण इथेच आपल्या कामाची गोष्ट येते. १९७० साली काही फोटो खास मोजमापासाठी म्हणून काढून ठेवलेले होते. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या संशोधकांनी ते मिळवले, प्रवाशांनी सहज म्हणून काढलेले फोटोही गोळा केले, आणि त्यांच्यावरून संगणकात मोठ्या मूर्तीची प्रतिकृती उभी केली. वस्त्राच्या चुण्यांसकट! मूर्ती परत आली नाही. पण ती कशी होती, यावर आता मोर की पोपट असा वाद घालायला नको.

हे कसं जमतं? एक प्रयोग करा. डाव्या हातात पेन आणि उजव्या हातात त्याचं टोपण घ्या. हात लांब करा, एक डोळा मिटा आणि टोपण बसवा पाहू. चुकतं ना? आता दोन्ही डोळे उघडा. बसलं! आपले दोन डोळे एकच वस्तू दोन वेगळ्या जागांवरून बघतात आणि त्यातल्या फरकावरून मेंदू अंतर ओळखतो. फोटोंचंही तसंच. एकच कोपरा दोन-तीन वेगवेगळ्या जागांवरून काढलेल्या फोटोंत दिसला, की त्याचं अंतर गणिताने काढता येतं. म्हणून एकाच जागी उभं राहून वीस फोटो काढण्यापेक्षा दोन-दोन पावलं सरकत पाच काढलेले बरे.

अजिंठ्याचा मेजर

हे दोन डोळ्यांचं गुपित जुन्या लोकांना चांगलं ठाऊक होतं. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली. कॅमेऱ्याचा शोध जाहीर होऊन तेव्हा जेमतेम पंधरा वर्षं झाली होती! डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या मंडळातले एक नावाजलेले छायाचित्रकार. पुढच्याच वर्षी, १८५५ साली, कॅप्टन बिग्ज नावाच्या अधिकाऱ्याला सरकारने विजापूर, बदामी, ऐहोळे इथल्या इमारतींचे आणि मंदिरांचे फोटो काढायला पाठवलं.

आणि अजिंठ्याला होता मेजर रॉबर्ट गिल. १८४४ साली त्याला तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमलं होतं. वर्षानुवर्षं खपून त्याने मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला केल्या आणि त्या लंडनला गेल्या. १८६६ साली तिथल्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि बहुतेक सगळ्या जळून खाक झाल्या! काय वाटलं असेल त्या माणसाला?

पण गिलने मधल्या काळात कॅमेराही हातात धरला होता. तो जोडफोटो काढायचा. डोळ्यांमधल्या अंतरासारखं अंतर ठेवून दोन फोटो, शेजारी शेजारी चिकटवलेले. खास दुर्बिणीतून बघितलं की लेणं खोल, उठावदार दिसायचं. अशा शंभर फोटोंचं पुस्तक १८६४ सालीच लंडनला छापून झालं होतं. त्यात पश्चिम भारतातल्या वास्तू होत्या आणि प्राणी, निसर्गही होता. चित्रं गेली, फोटो राहिले.

त्या काळी फोटो काढायचा म्हणजे काय सोपं काम होतं? काचेवर ओलं रसायन लावायचं, ते वाळायच्या आत फोटो घ्यायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत शिरून काच धुवायची. म्हणजे अख्खी प्रयोगशाळा बैलगाडीत घालून डोंगरात न्यायची! माझ्या पहिल्या कॅमेऱ्यात ३६ फोटोंचा रोल असायचा आणि तो धुवायला पैसे पडायचे, म्हणून मी दहा वेळा विचार करून एकदा बटण दाबायचो. तुमचं उलट आहे. तुम्ही दहा वेळा बटण दाबता. विचार केला नाही तरी चालतं, असं वाटतं ना? चला, माझ्या भाचीचं उदाहरण बघू.

दोनशे चौदा फोटो आणि एक हत्ती

माझी भाची सातवीत आहे. शाळेच्या सहलीहून, वेरूळहून आली ती उड्या मारतच. "मामा, बघ ना! दोनशे चौदा फोटो काढले!"

बघितले. दीडशेच्या वर फोटोंत ती आणि तिची मैत्रीण. दोन बोटं वर. मागे काहीतरी काळंकाळं आणि वर पांढरंफटक आभाळ.

"अगं, हे काळं काय आहे?"

"कैलास लेणं! सोळा नंबरचं."

"आणि तो हत्ती केवढा होता गं, अंगणातला?"

"मोठ्ठा!"

"म्हणजे? तुझ्या कमरेएवढा, की तुझ्याहून उंच?"

ती गप्प. दोनशे चौदा फोटोंत शोधलं. हत्तीची सोंड होती, पाय होता, पण तो केवढा ते काही कळेना. मग स्वतःच म्हणाली, "मामा, परत जाऊया?"

गेलो. आणि गेटवरून परत आलो. मंगळवार होता! (दोस्तांनो, लक्षात ठेवा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद, अजिंठ्याची सोमवारी. फोटोकाकांनाही हे ठाऊक असायला हवं होतं, पण असो.) बुधवारी पुन्हा गेलो आणि मुद्दाम दुपारी तीननंतर गेलो. का? तर कैलास लेण्याचं तोंड पश्चिमेला आहे. सहली सकाळी येतात. तेव्हा सूर्य डोंगराच्या मागे असतो, समोरची बाजू सावलीत. कॅमेरा गोंधळतो. आभाळ सांभाळायला गेला तर दगड काळा होतो, दगड सांभाळायला गेला तर आभाळ पांढरं. दुपार कलली की तिरपं ऊन समोरून येतं आणि एकेक मूर्ती भिंतीतून बाहेर येते. भर बाराचं ऊन मात्र नको. डोक्यावरच्या उन्हात मूर्तींच्या डोळ्यांच्या खाचा अंधाऱ्या होतात आणि बारीक कोरीव काम सपाट दिसतं.

दुसरी युक्ती. मोबाइलच्या पडद्यावर आपल्याला महत्त्वाची वाटते त्या जागी बोट टेकवायचं. आभाळावर नाही, दगडावर! कॅमेरा त्या जागेप्रमाणे उजेड जुळवतो. भाचीला हे तिथे कळलं आणि ती ओरडलीच, "अरे, हे तर करड्या रंगाचं आहे! मला वाटलं काळंच असतं."

तिसरी गोष्ट, हत्ती. तिने मला हत्तीच्या *शेजारी* उभं केलं. पुढे नाही, शेजारी. हात बाजूला, बोटं वर नाहीत. आता तो फोटो बघणाऱ्या कुणालाही हत्ती केवढा ते विचारावं लागत नाही. अंगणातल्या ध्वजस्तंभाजवळही तसंच.

चौथी गोष्ट मला सगळ्यांत आवडली. लेण्याच्या बाजूने डोंगरावर चढून, जिथपर्यंत जाऊ देतात तिथून, कठड्याच्या आत राहून खाली बघितलं. मंडपाच्या छतावर कोरलेलं कमळ आणि सिंह दिसले. आणि भाची एकदम म्हणाली, "मामा, देवळाचा कळस आणि हा डोंगर जवळजवळ एकाच उंचीवर आहेत!"

तेच तर! कैलास *बांधलेलं* नाही. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, डोंगराच्या माथ्यावरून खाली खोदत खोदत ते मोकळं केलं. आधी कळस, मग छत, मग खांब, शेवटी पायथा. जवळपास तीस मीटर खोल! एकही दगड रचलेला नाही, नको असलेला फक्त काढून टाकलेला. हे पुस्तकातल्या धड्यात तिने वाचलं होतं. पण त्या एका फोटोत ते *दिसत* होतं. डोंगराची कड, मधे खोल खंदक आणि खंदकात देऊळ. त्या दिवशी तिने फक्त एकोणीस फोटो काढले. एकोणीसच्या एकोणीस ठेवण्यासारखे.

छिन्नी अजून आतच आहे!

आता कोरणाऱ्या दुसऱ्या कलाकाराकडे जाऊ. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यात निघोज गाव आहे. तिथे कुकडी नदीच्या पात्रात दगडाला पडलेले मोठमोठे गोल खळगे आहेत. रांजणासारखे, म्हणून नाव रांजणखळगे. हा दगड कोणता? वेरूळचाच भाऊबंद! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्हाचे थरावर थर पसरले आणि थंड होऊन आपला काळा पाषाण झाला. भूगोलाच्या पुस्तकात त्याला बेसॉल्ट म्हणतात. तिकडे माणसाने छिन्नीने कोरला, इकडे नदीने.

पण नदीकडे छिन्नी कुठून आली? पाण्याबरोबर गोटे वाहत येतात. एखादा गोटा खाचेत अडकतो. पाण्याच्या भोवऱ्यात तो गरगर फिरतो आणि फिरता फिरता खाच घासून रुंद आणि खोल करतो. स्वतःही झिजून गुळगुळीत होतो. तो संपला की दुसरा येतो. हजारो वर्षं हेच काम. म्हणून रांजणखळग्याचा फोटो काढताना वरून नुसतं गोल तोंड टिपू नका. उन्हाळ्यात पाणी कमी असताना काही खळग्यांच्या तळाशी गुळगुळीत गोटे दिसतात. ते फोटोत आले पाहिजेत. वेरूळच्या कारागिरांची हत्यारं आपल्याला सापडायची नाहीत, पण या कारागिराची छिन्नी अजून आतच पडलेली आहे!

मुंबईकरांनो, "आमच्याकडे कुठलं आलंय असलं काही?" म्हणू नका. अंधेरीला गिल्बर्ट हिल बघितलीत का? सुमारे दोनशे फूट उंच, उभ्या दगडी खांबांची जुडी बांधावी तशी टेकडी. लाव्हा सावकाश थंड होताना आकसला आणि त्याला उभ्या चिरा पडल्या, त्यातून हे खांब झाले. ही टेकडी आज चारी बाजूंनी इमारतींनी वेढलेली आहे. त्या इमारती फोटोतून कापून टाकू नका बरं का! उलट मुद्दाम घ्या. शेजारी दहा मजली इमारत दिसली की टेकडीची उंचीही कळते, आणि ती कशी कोंडली गेली आहे तेही.

उंची मोजा, फुकटात

फोटोवरून उंची काढता येते, ठाऊक आहे? समजा तुमच्या गावच्या देवळापुढे दीपमाळ आहे. मित्राला तिच्या बुंध्याला अगदी चिकटून उभं करा. तुम्ही पुष्कळ मागे जा, म्हणजे मोबाइल वर न झुकवता, अगदी सरळ धरून, दीपमाळ टोकापर्यंत चौकटीत येईल. आता फोटो मोठा करून पट्टीने मोजा. मित्र १ सेंटीमीटर भरला, दीपमाळ ६ सेंटीमीटर. मित्राची उंची दीड मीटर. म्हणजे दीपमाळ दीड गुणिले सहा, नऊ मीटर! मित्र मात्र दीपमाळेच्या जवळच हवा. तो तुमच्याकडे चार पावलं आला तर फोटोत मोठा होईल आणि दीपमाळ बिचारी बुटकी ठरेल.

मोबाइल सरळ धरायला का सांगतो? जवळ उभं राहून मोबाइल वर झुकवला की इमारतीच्या उभ्या रेघा वरच्या बाजूला एकमेकींकडे कलतात. चांगला ताठ बुरूज मागे पडतोय की काय असं वाटतं! मागे जायला जागाच नसेल तर दोन फोटो घ्या, खालचा अर्धा आणि वरचा अर्धा, मधला भाग दोन्हींत येईल असे.

आता जरा कान धरतो

दोस्तांनो, हे गमतीत घेऊ नका. फोटोसाठी कड्याच्या टोकावर जायचं नाही. रांजणखळग्यांच्या कडेला जायचं नाही. तो दगड पाण्याने गुळगुळीत झालेला असतो, शेवाळलेला असतो, आणि आतलं पाणी शांत दिसलं तरी खोल असतं. पावसाळ्यात तर नदीच्या पात्रात पायच टाकायचा नाही. पडक्या भिंतीखाली, तडा गेलेल्या कमानीखाली उभं राहायचं नाही. मोबाइलच्या पडद्यात बघत मागे मागे चालायचं नाही. आधी थांबा, मागे वळून बघा, मग सरका. मोठं माणूस बरोबर हवंच.

आणि दुसरं. अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश चालत नाही, तिथे तो बंद ठेवा. काही देवळांच्या गाभाऱ्यात फोटोला मनाई असते, तिथे विचारून घ्या आणि नाही म्हणाले तर नमस्कार करून बाहेर या. अक्षरं नीट दिसावीत म्हणून शिलालेखावर खडू घासणं, पाणी ओतणं, खिळ्याने खरवडणं, हे तर मुळीच करू नका. त्यापेक्षा ऊन तिरपं होईपर्यंत थांबा. बाजूने उजेड आला की पुसट अक्षरंही उठून दिसतात. ढगाळ दिवस असेल तर विजेरी बाजूने, लांबून धरा.

या आठवड्याचा उद्योग

चालत जाता येईल अशी एक बांधलेली वास्तू आणि एक निसर्गाने घडवलेली जागा निवडा. ताजमहाल नको! पार, बारव, वेस, जुना पूल, पाण्याची टाकी, शाळेची जुनी इमारत. आणि तिकडे एखादा कडा, ओढ्यातला खडक, वारूळ, म्हातारा वड. प्रत्येकाचे पाचच फोटो काढायचे:

१. लांबून. आजूबाजूला काय आहे ते दिसेल असा.

२. अगदी समोरून, सरळ.

३. कोपऱ्यावरून, दोन बाजू एकदम दिसतील असा.

४. शेजारी माणूस उभं करून, मापासाठी.

५. जवळून, एखादा बारकावा. शेजारी कंपासपेटीतली सहा इंची पट्टी ठेवून.

मग वहीत लिहा: गाव, तारीख, वेळ, तुम्ही कुठल्या दिशेला तोंड करून उभे होता, आणि त्या जागेबद्दल कुणी काय सांगितलं. सांगणाऱ्या आजोबांचं नावही लिहा. निदान दोन फोटो छापून घ्या. मोबाइल हरवतो, बिघडतो, पाण्यात पडतो. छापलेल्या फोटोच्या मागे पेन्सिलीने हळूच तारीख घाला. पेनची शाई उमटते आणि पसरते.

हे सगळं झालं की खुशाल समोर उभे राहा, दोन बोटं वर करा आणि सहावा फोटो काढा. तोही हवाच की! फक्त तो सहावा.

आजोळचा नवा दरवाजा आता उभा राहिला आहे. चांगला झालाय. पायऱ्या साडेचार कशा करणार, म्हणून पाच केल्या. कोनाड्यांवर पक्षी कोरायचं राहूनच गेलं, कारण वाद अजून मिटलेला नाही. आणि डाव्या हाताला, शिलालेखाच्या जागी, गवंड्याने एक कोरा दगड बसवला आहे. त्यावर काय लिहायचं ते आम्हाला माहीत नाही. मामी गावातल्या ज्या ज्या घरी हळदीकुंकवाला जातात, तिथे अल्बम मागून घेतात आणि चाळतात. कुणाच्या तरी लग्नात, कुणीतरी ऐनवेळी खाली वाकलं असेल, आणि तेवढ्यात कुणीतरी बटण दाबलं असेल, या आशेवर.

तुमच्याकडे कुठल्या दरवाजाचा फोटो आहे? आणि कुठल्याचा नाही? पत्रातून कळवा. पुढच्या आठवड्यात आपण पावसाचा फोटो काढू. भिजायचं, पण कॅमेरा कोरडा ठेवायचा!

तुमचा,
फोटोकाका